टोमणा संपला की उचलायचं

त्या दोघी सख्ख्या जावा. दोघी एकाच वृद्धाश्रमात कामाला, आणि भांडल्याशिवाय दोघींना माणूस उचलता येत नसे.

यात तिखटमीठ लावलेलं काही नाही. खाटेवर पडून राहिलेलं माणूस दिवसभरात घसरत घसरत पायथ्याशी जातं. त्याला पुन्हा उशीपर्यंत वर घ्यायचं म्हणजे अंगाखाली एक आडवी चादर ठेवलेली असते, तिच्या कडा दोन्ही बाजूंनी घट्ट धरायच्या आणि दोघींनी एकाच क्षणी उचलून सरकवायचं. एकीने आधी, एकीने मागाहून केलं तर माणूस कलंडतं, खांदा दुखावतो. म्हणून सगळीकडे मोजतात, एक, दोन, तीन. या दोघींनी मात्र कधी मोजलं नाही. थोरली दाराच्या बाजूला उभी राही, धाकटी खिडकीच्या. थोरली म्हणे, "काय गं, हातात जोर आहे की सगळा जिभेवरच खर्च केलास?" धाकटी म्हणे, "जिभेचा कारखाना तुमचा, ताई. आम्ही आपले किरकोळ विक्रेते." आणि तेवढ्यात खाटेवरचं माणूस उशीला टेकलेलं असे, तेही हसत. हसणाऱ्या माणसाचं अंग सैल असतं आणि सैल अंग हलकं लागतं. पण एवढा विचार दोघींपैकी कुणीही केलेला नव्हता. त्यांचं आपलं भांडण चाललेलं असे.

थोरली या कामाला लागली ती सासूमुळे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत सासूने अंथरूण धरलं आणि नव्या सुनेच्या वाट्याला ते आलं. सासू अंथरुणाला खिळली होती, पण जीभ खिळली नव्हती. "हात आधी चोळून गरम कर, मग लाव मला. मी काय भिंत आहे?" "चमचा ओठाला लावून थांब. तोंडात कोंबू नकोस, मी पिशवी नाही." अशा शिकवणीखाली थोरलीची काही वर्षं गेली. सासू गेली त्यानंतर हात इतके रिकामे झाले की ते कुठे ठेवावेत हे तिला कळेना. शेवटी गल्लीच्या टोकाला असलेल्या वृद्धाश्रमात जाऊन ती उभी राहिली आणि म्हणाली, "मला म्हातारी माणसं येतात." जणू स्वयंपाक येतो म्हणावं, तसं. पुढे दिराचं लग्न झालं, धाकटी घरात आली. घरी बसून ती पडदे मोजते आहे असं दिसल्यावर थोरलीने तिलाही ओढून आणलं. त्यालाही आता जमाना झाला.

तर अशा सुखाच्या संसारात एका सोमवारी वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिका, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत, त्यांनी सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. नवा नियम आला होता. इथून पुढे राहणाऱ्या माणसांच्या अंगाला हात लावायचा तर काळजीवाहकाचं प्रमाणपत्र लागणार.

"आणि नसलं तर?" थोरलीने विचारलं.

"तर खोल्यांमधलं काम करता येणार नाही. धुलाईखान्यात जागा आहे."

थोरलीचं तोंड उतरलं. धुलाईखान्याचा तिला कमीपणा वाटत होता असं नाही, तिथल्या बाया तिच्या मैत्रिणीच होत्या. पण कपड्यांशी काय बोलायचं? उशीच्या अभ्र्याला "आज नाक का फुगलंय?" असं विचारून चालत नाही.

"या वयात मी शाळेत बसू?" ती म्हणाली. "बाकात मावणार नाही मी."

"शाळेत नाही बसायचं," मॅडम म्हणाल्या. "जे येतं ते दाखवायचं. प्रशिक्षण केंद्रातून परीक्षक येतील, तुमचं काम बघतील, चार प्रश्न विचारतील. घरी सासूबाईंचं केलंत तेही धरतील. जे येतं त्याची नोंद होणार, आणि जे येत नाही तेवढंच शिकायचं."

"म्हणजे इतकी वर्षं केलं ते खरंच केलं का, हे बघायला माणूस येणार? हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"आरसा तुम्हाला नकोय, बाई. कागदाला हवाय."

धाकटीने मागून कोपर मारलं. "ताई, हो म्हणा. कागदाला दाखवू काकण."

तयारी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी घोडं अडलं. केंद्राने सांगितलं होतं की करताना काय करता आणि का करता, हे तोंडाने सांगता आलं पाहिजे. धाकटी दहावी झालेली, तिला अशा गोष्टींचा उत्साह भारी. ती थोरलीच्या मागे मागे फिरू लागली.

"ताई, आत्ता आजींना भरवण्याआधी तुम्ही त्यांची मान पुढे केलीत. का?"

"का म्हणजे? मागे मान टाकून तू जेवतेस?"

"कारण सांगा, कारण."

"ठसका लागतो."

"असं नीट सांगायचं. आणि बोटं का बघितलीत त्यांची?"

"गार आहेत का बघितलं. अगं, हे कुणीही करतं! यात काय सांगायचं?"

"कुणीही नाही करत, ताई. माझ्या नवऱ्याला मला ताप आल्याचं दोन दिवसांनी कळतं."

घरीही तेच. थोरलीने एकदा नवऱ्याला खाटेवर आडवं पाडलं आणि कुशीवर वळवण्याचा सराव मोठ्याने बोलत सुरू केला. "आता मी तुमचा गुडघा वाकवते, कारण त्याने वळणं सोपं जातं. आता खांद्याखाली हात घालते." पाठीमागे उशी लावून झाली तोवर नवरा घोरत होता. "यालाच म्हणतात कौशल्य," असं धाकटीला तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. धाकटी म्हणाली, "भाऊजी तर उभ्याउभ्या झोपतात. त्यांचा पुरावा धरणार नाहीत."

बाकी सगळं जमत गेलं. अडलं ते उचलण्यापाशी. परीक्षेला जोडीदार बदलणार, प्रत्येकीला परक्या माणसाबरोबर उचलून दाखवावं लागणार, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा दोघी पहिल्यांदाच विचारात पडल्या की आपण नेमकं उचलतो तरी कधी? कुठल्या शब्दावर?

रिकाम्या खाटेवर उशा ठेवून दोघींनी करून बघितलं. उशा दर वेळी बरोबर उचलल्या गेल्या, पण कधी ते दोघींनाही सांगता येईना. पुन्हा केलं. पुन्हा तेच. शेवटी धाकटीच्या लक्षात आलं.

"ताई, टोमणा मारायच्या आधी तुम्ही श्वास घेता. लांब, नाकाने. मग टोमणा. मी उत्तर द्यायला तोंड उघडते तेव्हा तुमचे हात घट्ट होतात. माझं उत्तर अर्ध्यावर आलं की आपण उचलतो."

"अगं बाई! आणि तुझं उत्तर लांबलं तर?"

"मग माणूस हवेत थोडं जास्त राहतं."

दोघी हसून लोळल्या, पण उशा जागेवर ठेवता ठेवता थोरली थबकली. परक्या माणसाला टोमणा कसा मारायचा? ओळखदेख नाही, नातं नाही. टोमण्यालाही काही हक्क लागतो.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आलेल्या परीक्षक बाई थोरलीच्याच वयाच्या निघाल्या. पायांत साधे कापडी बूट, केस घट्ट बांधलेले, नखं अगदी मुळाशी कापलेली. ती नखं बघून थोरलीला जरा धीर आला. खाटेपाशी काम केल्याशिवाय अशी नखं कापायची सवय कुणाला लागत नाही. त्यांच्याबरोबर दुसऱ्या एका वृद्धाश्रमातला काळजीवाहक आला होता, सगळ्यांचा परका जोडीदार म्हणून. ताडमाड उंच, आवाज मात्र इतका हळू की तो बोलला की पुढे वाकावं लागे.

उचलून दाखवायला माणूस हवं होतं, त्यासाठी कंडक्टर आजोबांनी स्वतःहून हात वर केला. आयुष्यभर बसमध्ये तिकिटं फाडलेला हा गडी. आता डावं अंग साथ देत नव्हतं, पण गप्पांना दोन्ही अंगं शाबूत होती. "फुकट प्रवास आहे," ते म्हणाले, "नाही कोण म्हणेल?"

धाकटीचा नंबर आधी होता. उंच माणसाबरोबर तिने शाळेतल्यासारखं एक, दोन, तीन म्हटलं, आजोबा उशीला टेकले आणि ती बाहेर आली. "सोपं आहे, ताई," ती म्हणाली. "फक्त भांडायचं नाही."

थोरली आत गेली. सवयीने दाराच्या बाजूला जाऊन उभी राहिली, तर तिथे उंच माणूस आधीच उभा. तो संकोचाने म्हणाला, "तुम्ही पलीकडे जाल का?" ती पलीकडे गेली. खिडकी पाठीशी आली आणि आजोबांचा न हलणारा हात एकदम तिच्या बाजूला. धाकटीची रोजची बाजू जणू अख्खी तिच्या पदरात येऊन पडली. तिने चादर धरली. आता काय म्हणायचं? एक म्हणायचं होतं, पण जन्मात न म्हटलेला शब्द ओठावर येईना. नाकाने लांब श्वास मात्र आपोआप घेतला गेला, हात घट्ट झाले आणि तिने उचललं.

उंच माणूस वाट बघत उभा होता. कुणीतरी एक म्हणेल, याची.

चादर तिरकी झाली, आजोबा उशीऐवजी खाटेच्या कडेकडे कलले. "अहो, गाडी एका चाकावर!" ते ओरडले.

थोरलीने त्याच क्षणी हात खाली घेतले. आजोबांच्या खांद्याखाली तळवा सरकवून त्यांना सरळ केलं, न हलणारा हात पोटावर नीट ठेवला. तिच्या कानशिलांवर घाम आला होता.

"चुकलं माझं," ती म्हणाली. आधी आजोबांना, मग उंच माणसाला. परीक्षक बाईंकडे बघायचं तिने टाळलं. "लागलं का कुठे? खांद्यात?"

"खांदा ठीक आहे," आजोबा म्हणाले. "पण ड्रायव्हर नवा दिसतोय."

दाराबाहेर धाकटीने श्वास रोखल्याचं थोरलीला जाणवलं. धुलाईखान्यातली ती मोठी घरघरणारी यंत्रं तिच्या डोळ्यांपुढे आली आणि उशीच्या अभ्र्यांचा तो अबोल डोंगर. ती आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिली. आणि मग तिला वाटलं, आपण दोघं काय करायचं ते दोघंच ठरवतोय. ज्याला उचलायचंय त्याला कुणी विचारलंय का? याची गाडी, आणि हाच फलाटावर उभा!

"कंडक्टरसाहेब," ती म्हणाली, "गाडी कधी सोडायची ते तुम्ही सांगायचं. तुमची घंटी झाल्याशिवाय आम्ही दोघं हलणार नाही. कळलं का हो, दादा?" हे शेवटचं उंच माणसाला. त्याने मान हलवली.

आजोबांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की बघत राहावं. गळा साफ केला. उजवा हात वर गेला, अदृश्य दोरीपाशी. थोरलीने चादर धरली, उंच माणसाने धरली.

"थांबा," आजोबा म्हणाले. "पुढच्या दाराने अजून चढतायत."

दोघं थांबले.

"अहो मावशी, आत सरका! आत जागा आहे. हं... कुणी राहिलं का?"

"कुणी नाही राहिलं," थोरली म्हणाली.

"टिंग टिंग!"

चादर एकदम उचलली गेली, इतकी सपाट की तिच्यावर भरलेला पेला ठेवला असता तरी सांडला नसता. आजोबा उशीला टेकले. उंच माणूस पहिल्यांदा मोठ्याने हसला. दाराबाहेरून टाळी वाजली आणि मॅडमनी "शूऽऽ" केलेलं ऐकू आलं.

मग छोट्या खोलीत दोघींना समोर बसवून प्रश्न झाले.

"पहिल्यांदा चुकलं, तेव्हा तुम्ही लगेच थांबलात," परीक्षक बाई म्हणाल्या. "बरेच जण चूक झाकायला तसंच ओढून नेतात. आणि ते थांबा म्हणाले तेव्हाही थांबलात. थट्टा चालली होती, तरी."

"थट्टा असली म्हणून काय झालं? थांबा म्हणाले ना."

बाईंनी काहीतरी लिहिलं. "आता एक मात्र बोलते. खाट खाली होती. तुम्ही दोघीही कमरेतून वाकता. खाटेला उंची वाढवायची कळ आहे, ती कुणीच फिरवली नाही. तुमची कंबर दुखत असणार."

थोरलीने धाकटीकडे बघितलं. कंबर दुखते ती वयाने, असं दोघींनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. "ती कळ आम्हाला वाटलं दुरुस्तीवाल्यांची असते," ती म्हणाली.

"माझीही अशीच गेली," बाई म्हणाल्या आणि उठून स्वतःच्या कमरेवर हात ठेवून दाखवला. "कळ फिरवत जा. आता शेवटचा प्रश्न. माणसं उचलण्याचं यंत्र आहे इथे, झोळीचं. वापरता?"

"हो तर," धाकटी पटकन म्हणाली. "रोज वापरतो."

"तुम्ही?"

खोटं बोलावं असं थोरलीला क्षणभर वाटलं. पण धाकटी खोटं बोललीच नव्हती. "रोज वापरतो," ती म्हणाली. "चादरी वाळत घालायला. त्याचा वरचा दांडा फार सोयीचा आहे."

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. आधी हसू दाबलं, मग दाबलं जाईना. धाकटीने कपाळावर हात मारून घेतला. "ताई, तुमच्यासारखी जाऊ असल्यावर मला वेगळा शत्रू कशाला!"

निकाल तिथेच कळला. खाऊ-पिऊ घालणं, अंघोळ, कूस बदलणं, अंगावरच्या जखमा ओळखणं, धीर देणं, उचलणं, सगळ्याची मान्यता मिळाली, दोघींना. राहिलं फक्त यंत्र. तेवढं केंद्रात जाऊन शिकून यायचं. जमलं तर प्रमाणपत्र आणि खोल्यांमधलं काम तसंच पुढे चालू. नाही जमलं तर धुलाईखाना ठरलेला.

थोरली यंत्राला घाबरत होती, हे तिने धाकटीला बसमध्ये सांगितलं. "माणसाला काय पोत्यासारखं टांगायचं? हाताला हाताची ऊब असते."

"ताई, तुमच्या हाताला ऊब आहे, पण तुमची कंबर केव्हाच गार पडली आहे."

केंद्रातली शिक्षिका वयाने लहान, पण करडी होती. झोळी अंगाखालून कशी सरकवायची, पट्टे कुठल्या आकड्यात अडकवायचे, चाकांना ब्रेक कधी लावायचा आणि कधी नाही, हे तिने एका जड बाहुल्यावर शिकवलं. थोरली पहिल्या दिवशी पट्टे उलटे अडकवून बसली. बाहुला पाय वर करून लटकला आणि वर्गातल्या बाकी बायकांनी त्याला श्रद्धांजली वाहिली. दुसऱ्या दिवशी धाकटीने अडकवले, तेही उलटेच. "घराण्याची रीत आहे," थोरली म्हणाली. मग दोघींनी एकमेकींना दटावत, पुन्हा पुन्हा करून, ते हाताला बसवलं. आकडे लागल्याचा टक् असा आवाज येतो का हे थोरली कान लावून ऐकू लागली. आवाज आल्याशिवाय ती पुढे जाईना. शिक्षिकेला हे आवडलेलं दिसलं, पण ती तसं बोलली नाही.

शेवटच्या दिवशी तिने सांगितलं, "आता जोडीने करा. एक चालवेल, एक आत बसेल. बाहुला काही बोलत नाही, म्हणून त्याच्यावरून मी मार्क देत नाही."

"मी चालवते," दोघी एकदम म्हणाल्या.

"तुम्ही बसा," शिक्षिका थोरलीला म्हणाली. "तुमचं मघाशीच चालवून झालं, मला आत बसवून."

"माझं वजन पेलेल का त्याला?"

"हत्ती सोडून सगळं पेलतं."

"ऐकलंत? हत्ती सोडून," धाकटी म्हणाली. "बघा, विचार करून बसा."

थोरली खाटेवर आडवी झाली. धाकटीने आधी कळ फिरवून खाट वर घेतली, मग तिला कुशीवर वळवून पाठीखालून झोळी सरकवली. धाकटीचे हात गरम होते. इतक्या वर्षांत त्या हातांसमोर ती रोज उभी राहिली होती, पण ते स्वतःच्या पाठीखाली कधी आले नव्हते. एक आकडा, टक्. दुसरा, टक्.

"ताई, आता मी तुम्हाला वर घेते. हळूच घेते. भीती वाटली तर सांगा."

यंत्र गुणगुणलं. थोरलीची पाठ गादीवरून सुटली, मग पाय सुटले. लहानपणानंतर तिला कुणी उचललं नव्हतं. जो तो तिच्याकडून उचलून घेत आला होता. पोटात पाळण्यासारखी एक लहर उठली आणि दोन्ही हातांनी तिने पट्टे धरले.

"थांब!" ती ओरडली.

यंत्र जागच्या जागी थांबलं. धाकटीचा चेहरा पांढरा पडला. "काय झालं? कुठे रुततंय?"

"कुठे नाही. थांबतेस का ते बघितलं."

"ताई!"

शिक्षिकेने तोंड वळवून घेतलं, पण तिचे खांदे हलत होते. मग तिने हातातल्या कागदावर दोन खुणा केल्या, एक धाकटीच्या पुढे, एक थोरलीच्या पुढे. "झालं तुमचं. दोघींचंही. सोमवारपासून आपापल्या खोल्यांत जा." आणि धाकटीला म्हणाली, "उतरवा त्यांना आता."

धाकटीने कळीवर बोट ठेवलं. थोरलीने वरून खाली बघितलं. कपाटावरची धूळ दिसत होती, खिडकीबाहेरचा रस्ता दिसत होता आणि धाकटीच्या डोक्यात मधोमध आलेला एक पांढरा केस, जो तिने आजवर कधी कबूल केला नव्हता.

"एवढी काय घाई आहे?" थोरली म्हणाली आणि तिने पाय हलवून जरासा झोका घेतला.